रोटातली मूठ

माझा भाऊ वर्षातून दोनदा घरी येतो. एकदा उन्हाळ्यात, बिबड्या-पापड वाळून डब्यात भरले की ते न्यायला, आणि एकदा श्रावणात, कानबाईला. दोन्ही वेळा त्याची गाडी अंगणात शिरते ती थेट कडुनिंबाच्या सावलीत उभी राहते आणि मला म्हैस उन्हात बांधावी लागते. गाडी तापली की आत वास येतो म्हणे. म्हैस तापली की पान्हा चोरते, पण ते त्याच्या पुण्याच्या नाकाला कळत नाही. दावं सोडते, म्हैस हलवते आणि त्याला जे ऐकवायचं ते म्हशीला ऐकवते.

आमचं घर अमळनेरहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, शेतातच आहे. पत्र्याच्या तीन खोल्या, गोठा, विहीर, कडुनिंब आणि मागे कपाशी. राहतो दोघं, आबा आणि मी. आबा म्हणजे माझे वडील. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मला भुसावळला रेल्वेतल्या माणसाला दिलं होतं. त्याचं दुसरीकडे आधीच एक घर होतं, हे लग्नानंतर कळलं. तीन पावसाळे काढले आणि एक पेटी घेऊन परत आले. तेव्हा धाकट्या भावाने एसटी थांब्यापासून घरापर्यंत माझी पेटी उचलून आणली होती. ती पेटी त्याने अजून खाली ठेवलेली नाही. कुठलाही विषय निघाला की तो म्हणतो, अक्का, तुझी पेटी मीच आणली होती.

त्यानंतर या शेतात जे झालं ते माझ्या हाताने झालं. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही, रागाने सांगते. कपाशी वेचून झाली की काड्या चिमट्याने उपटायच्या, त्याची गंजी घालायची, ठिबकच्या नळ्या गुंडाळायच्या. त्या नळ्या खारी कुरतडतात, मग बसून एकेक भोक शोधायचं आणि जोड टाकायचा. हिवाळ्यात भावाला भरताची आठवण होते. मग त्याच काड्यांवर वांगी भाजून, सोलून, डबा भरून पुण्याच्या गाडीत द्यायचा. दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरायची. वैशाखात बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, तीच दादर भिजवून, भरडून तिचं पीठ मोठ्या पातेल्यात शिजवायचं. ते घाटताना एक शिंतोडा उडाला तर कातडीच घेऊन जातो. माझ्या डाव्या मनगटावर तसा डाग आहे. भावजय बिबड्या तळून पाहुण्यांना देते आणि फोटो पाठवते. खाली लिहिते, गावाकडची चव. मी तो फोटो आबांना दाखवते. आबा म्हणतात, चांगलं शे. मग मला आबांचाही राग येतो.

आबा वाईट नाहीत. पण त्यांनी माझी बाजू कधी घेतली असं मला आठवत नाही. मी घरात आहे हे त्यांनी विहिरीत पाणी असावं तसं धरून ठेवलं आहे. असलं तर कोण बघायला जातं.

आता कानबाईचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ, मणी-मंगळसूत्र, टिकली लावून देवी करायची, चौरंगावर बसवायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. पण खरी गोष्ट असते रोटाची. घरात जेवढे पुरुष तेवढ्या वेळा सव्वा मूठ गहू आणि सव्वा मूठ हरभऱ्याची डाळ काढायची. बाहेर राहणाऱ्याचीही मूठ त्याचं नाव घेऊन काढतात. त्याचं पीठ, त्याचं पुरण. तो रोट फक्त त्या घरच्यांनी खायचा आणि पौर्णिमा लागायच्या आत संपवायचा. प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी. आमच्या घरात उरलेला रोट बाहेरच्याला देत नाहीत, जनावराला घालत नाहीत, पुरत नाहीत. संपवायचाच. नाही संपला तर कानबाई कोपते, यावर आबांचा इतका विश्वास आहे की कुणी पाटीभर शपथा घेतल्या तरी तो हलणार नाही.

बाईची मूठ नसते. पण लग्न होऊन आलेल्या सुनेला रोट खाता येतो, ती घरची झाली. लेकीला येत नाही, ती दुसऱ्या घरची झाली. भावजयीची मूठ नसते पण ताट असतं. माझी मूठही नसते आणि ताटही नसतं. ज्या घरात मला दिलं त्या कुळात कानबाई नव्हतीच, त्यामुळे तिकडेही काही अडत नव्हतं. तेवीस-चोवीस श्रावण मी रोटाचं दळण जात्यावर घरी दळलं आहे, पुरण वाटलं आहे, पोळ्या लाटल्या आहेत, आणि गोठ्याच्या कडेला वेगळी चूल मांडून स्वतःची भाकरी थापली आहे. पहिल्या वर्षी मी विचारलं होतं. आबा जात्याकडे बघत म्हणाले होते, "पोरगीनी मूठ नही ऱ्हास." त्यानंतर विचारलं नाही.

त्या श्रावणात भाऊ कानबाईबरोबर एक कागदही घेऊन आला. हक्कसोडीचा. रस्ता रुंद झाला होता आणि रस्त्याकडेच्या तुकड्याला गिऱ्हाईक आलं होतं. त्याच तुकड्यावर घर, गोठा, विहीर आणि कडुनिंब. वडिलोपार्जित जमीन, म्हणून माझी सही लागत होती. मागची कपाशी राहील, असं तो म्हणाला. कपाशीत मी झोपायचं कुठे, ते त्याने सांगितलं नाही. आबांना तो पुण्याला नेणार होता. माझ्याबद्दल म्हणाला, अक्का, तुझं काय, तू आमचीच आहेस, तुला कागदाची काय गरज. पौर्णिमेला राखी बांधायची आणि त्यानंतरच्या सोमवारी तालुक्याला जाऊन अंगठे-सह्या उरकायच्या, असा त्याचा बेत होता. कागद त्याने देवीच्या चौरंगाखाली ठेवला, आशीर्वादासाठी. मी वाचला. भाषा अशी होती की जणू मीच रडत जाऊन त्याच्याकडे मागितलं होतं की माझा हक्क तेवढा घे बाबा.

मी नाही म्हणाले नाही. हो म्हणाले नाही. काही बोलले असते तर शिव्याच आल्या असत्या, आणि चौरंगावर देवी मांडायची होती.

दरवर्षी आबा मुठी काढतात. त्यांचा हात आता वाळला आहे, मुठीत फारसं मावत नाही. भाऊ म्हणाला, आता मी करतो, मीच कर्ता. भावजयीने मोबाइल धरला. त्यांची दोन मुलं, एक बंगळूरला आणि एक हैदराबादला, पडद्यावर जांभया देत होती. भावाने मूठ भरली, बघितली आणि त्याला ती लहान वाटली. पडद्यावर तर दिसतच नसेल. तो म्हणाला, मूठ-मूठ काय करायचं, आता देवाने दिलंय, सव्वा मुठीऐवजी अर्धा किलो घेऊ. आबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. भाऊ गाडीतून काटा घेऊन आला, सामान तोलायचा. आबांचा अर्धा किलो, त्याचा अर्धा, दोन्ही मुलांचा अर्धा-अर्धा. परातीत गव्हाचा ढीग झाला, शेजारी डाळीचा. मुलं म्हणाली, वाव. मी जात्याला तेल घालायला उठले, कारण दळायचं मलाच होतं. खाणारे कोण, हे त्या घरात कुणी विचारलं नाही. मी मुद्दाम विचारलं नाही.

रविवारी पोळ्या झाल्या. भावजय साखर जपते, अर्धी पोळी खाऊन हात धुतला. भावाने तीन खाल्ल्या. आबांनी दोन. सोमवारी विसर्जन झालं, आणखी चार पोळ्या गेल्या. मंगळवारी सकाळी त्याला ऑफिसातून फोन आला आणि गाडी कडुनिंबाखालून निघाली. जाताना म्हणाला, शनिवारी राखीला येतोच, कागद नीट ठेव. ते वळणावर दिसेनासे झाले तेव्हा मी म्हैस सावलीत बांधली आणि घरात आले. रोटाच्या पिठाचा डबा उघडला. काठोकाठ होता.

आबा दारात उभे होते. त्यांनीही बघितलं. रोट खाणारं माणूस आता घरात एकच उरलं होतं, आणि त्याला दात नव्हते.

मला आनंद झाला हे मी लपवणार नाही. देवी करते ते बरोबर करते, असं मी मनात म्हणाले आणि कपाशी निंदायला गेले.

पण आबांनी ते अंगावर घेतलं. सकाळी दुधात कुस्करून दोन पोळ्या, दुपारी दोन, दिवस मावळता आणखी. मी म्हणाले, पुरे करा. ते ऐकेनात. बुधवारी दुपारी मी शेतातून आले तर ते ओसरीवर आडवे पडले होते, धोतर ओकारीने भरलेलं, आणि रंग पार उतरलेला. मी त्यांना धुतलं, कपडे बदलले, ओवा-गरम पाणी दिलं. थोडं बरं वाटताच ते उठले आणि म्हणाले, दोन पोया कर. मग मात्र माझा तोल गेला. मी म्हणाले, तुमच्या लेकाने देवीला नाही, मोबाइलला रोट काढला, आणि तुम्ही त्यापायी जीव देताय. तुम्ही तेव्हा तोंड का नाही उघडलं. आयुष्यभर तुम्ही तोंड का नाही उघडलं. आबा रडायला लागले. म्हातारा माणूस रडतो ते बघवत नाही. पण माझा राग गेला नाही, उलट वाढला, कारण आता रागावायचीही चोरी झाली.

मी भावाला फोन लावला. सगळं सांगितलं. तो आधी पुण्याच्या मराठीत बोलत होता, आबांना डॉक्टरकडे ने, पैशांची काळजी करू नकोस, वगैरे. मी म्हणाले, डॉक्टर पीठ खाणार नाही. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत संपलं पाहिजे, आणि खाणारे तुम्ही. मग त्याची अहिराणी परत आली. अडला की ती येते.

"तूच खाय टाक ना अक्का. कोन देखस?"

"कानबाई देखस," मी म्हणाले.

मागून भावजयीचा आवाज आला. थोरल्याची नोकरीची मुलाखत पुढच्या आठवड्यात होती, हे मला तिच्या आवाजावरून आठवलं. सुशिक्षित बाई, तिला कानबाई एरवी पोस्ट टाकण्यापुरती. पण मुलाखतीच्या आधी कुणी देवीशी वाकडं घेत नाही. मी फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी गाडी आली. भाऊ एकटाच. भावजयीला म्हणे कंबरदुखी. गाडी कडुनिंबाकडे वळली, पण तिथे म्हैस बसली होती आणि मी तिला उठवलं नाही. त्याने गाडी उन्हात लावली, माझ्याकडे बघितलं आणि पाय धुतले.

मी सगळं पीठ मळून ठेवलं होतं. आबांच्या पोटात आणि ओकारीत बरंच गेलं होतं, तरी खूप उरलं होतं. मी चूल पेटवली आणि लाटायला बसले. पोळ्या नेहमीच्या केल्या नाहीत. जाड केल्या, पुरण दाबून भरलं, तूप सोडलं. वाईटपणा करायचा तर तोही नीट करावा. भाऊ पाटावर बसला. पहिल्या दोन पोळ्या त्याने चवीने खाल्ल्या, अक्का तुझ्या हाताला चव आहे म्हणाला. तिसरीला बोलणं थांबलं. चौथीला त्याने पट्टा सैल केला. पाचवी त्याने दुधात कालवली, मग आमटीत, मग नुसतीच बघत बसला. कपाळावर घाम होता. आबा शेजारी बसून अर्धी अर्धी चघळत होते आणि दर घासाला बाहेर उन्हाकडे बघत होते. मी लाटत होते. टोपलीत पोळ्या चढत होत्या.

तो म्हणाला, अक्का, थोडं गोठ्यात टाकू. आबा म्हणाले, नही. तो म्हणाला, नदीत सोडू. आबा म्हणाले, नही. त्याने टोपलीकडे बघितलं आणि माझ्याकडे. ज्या तोंडाने मंगळवारी त्याने कागद नीट ठेव म्हटलं होतं, त्याच तोंडावर आता पुरण लागलं होतं आणि ते पार केविलवाणं झालं होतं. मला त्याची दया आली नाही. त्याने टोपली माझ्याकडे सरकवली.

"खाय ना अक्का. तू काय परकी शेस का? याच घरनी शेस ना तू."

मी लाटणं खाली ठेवलं. "पुन्हा म्हण," मी म्हणाले. "आबांकडे बघून म्हण."

त्याला काय होतंय ते कळलं नव्हतं. पोट भरलं की डोकं चालत नाही. तो आबांकडे वळला आणि म्हणाला, आबा, सांगा हिला, ही घरचीच ना. अजून एवढं ऊन आहे, तिघांनी मिळून संपेल. सांगा.

मी आबांकडे बघत होते. मला वाटलं आता हा माणूस पुन्हा जात्याकडे बघेल आणि म्हणेल, पोरगीनी मूठ नही ऱ्हास. तसं म्हणाले असते तर मी त्याच चुलीत कागद घालून पेटी उचलणार होते, आणि या वेळी ती माझी मीच उचलणार होते. त्यांनी बोटाला लागलेलं पुरण धोतराला पुसलं. मग म्हणाले, "इतला दाना लिधा तुनी. त्यामा तिनी बी मूठ शे."

त्याने घेतलेल्या त्या ढिगात माझीही मूठ. भाऊ म्हणाला, झालं तर मग.

मी हात धुतले. चूल ओलांडून पाटावर बसले, भावाच्या आणि आबांच्या मधे जागा होती तिथे. ताट मीच वाढून घेतलं. पहिला घास घेतला तेव्हा मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. इतकी वर्षं वास घेतलेलं पुरण, त्याला वेलदोडा जास्त झाला होता एवढंच कळलं. मी खात गेले. दिवसभर शेतात काम करणाऱ्या बाईचं पोट आहे माझं, पुण्यातल्या माणसाचं नाही. तो बघत होता. मी एक संपवली की टोपलीतून दुसरी घेत होते. आबांनी दोन तुकडे खाल्ले, भावाने एक पोळी कशीबशी, बाकी मी. ऊन कडुनिंबाच्या खोडावर आलं तेव्हा टोपली रिकामी झाली. आबांनी ती उलटी करून आपटली, एक चूरही पडला नाही. त्यांनी हात जोडले.

मग मी उठले, चौरंगाखालचा कागद काढला आणि भावाच्या पुढ्यात ठेवला. तो म्हणाला, अगं घाई नाही, सोमवारी करू. मी म्हणाले, सोमवारी मी तालुक्याला येणार नाही. तू आत्ता आबांसमोर म्हणालास मी याच घरची. आबांनी माझी मूठ धरली. रोट मी खाल्ला, देवीने बघितलं. रोटात ज्याची मूठ तो हक्क सोडून कसा देईल. तू सोडतोस का तुझा?

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. आधी तो हसला, मग म्हणाला, जेवण वेगळं आणि कायदा वेगळा. मी म्हणाले, कायदा तर आधीपासून माझ्याच बाजूने आहे, म्हणून तर तू कागद आणलास. तो आबांकडे वळला. आबांनी डोळे मिटून घेतले होते. झोपले होते की नाही, मला अजून माहीत नाही. तो ओरडला. मला कृतघ्न म्हणाला, पेटीचं काढलं. मी आत गेले, खाटेखालून ती जुनी पेटी ओढत आणली आणि त्याच्या पायाशी ठेवली. घे म्हणाले, परत नेऊन ठेव थांब्यावर, फिटलं तुझं. त्याने पेटीला हात लावला नाही. अंधार पडायच्या आत गाडी गेली. राखी मी त्याला पोस्टाने पाठवली, उशिरा.

या श्रावणात तो आला नाही. थोरल्याला नोकरी लागली आहे, कानबाईने ती काही माझ्यावरच्या रागाने अडवली नाही. तुकड्याचा विषय तो फोनवर अधूनमधून काढतो आणि मी म्हैस ओरडतेय असं सांगून फोन ठेवते. ती कधी कधी खरंच ओरडत असते. उद्या काय होईल ते मला माहीत नाही. आबा गेले की तो पुन्हा येणार, हे मी धरून आहे.

रविवारी आबांनी परात पुढे घेतली. नावं घेत चार मुठी काढल्या, स्वतःची, त्याची, दोन्ही नातवांची. मग त्यांनी परात माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, पाचवी तूच काढ, माझ्या हातात मावत नाही. मी कोठीत हात घातला. माझा हात रुंद आहे, बोटं जाड झालेली आहेत, मनगटावर पोळल्याचा डाग. मी मूठ भरली, वर पाव मूठ घातली आणि परातीत टाकली. चारही मुठींपेक्षा ती मोठी दिसत होती. आबा म्हणाले, कमी कर, खायला दोघंच आहोत. मी एक दाणाही काढला नाही.